फाइलमधलं दुसरं पान

एकूण प्रोटीन ९.८, अल्ब्युमिन ३.२. वर्षभरात दुसऱ्यांदा न्यूमोनिया होऊन दाखल झाले होते, तेव्हाच्या साध्या रक्ततपासणीतले हे दोन आकडे. राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरनी दोन्हींखाली पेनाने रेघ मारली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पाठ दुखते का तुमची?" छातीत कफ भरलेल्या बाईला पाठीचं का विचारतात, ते मला कळेना. पाठ दुखत होती, आठ महिने दुखत होती. शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं म्हटल्यावर पाठ दुखणारच, असं मीच ठरवून टाकलं होतं.

वजाबाकीचं उत्तर ६.६. एकूण प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केलं की उरतं ते ग्लोब्युलिन. ते साधारण साडेतीनच्या आत हवं. माझं जवळजवळ दुप्पट होतं. पुढे घरी जुने कागद काढले तेव्हा चार वर्षांपूर्वीच्या एका तपासणीत एकूण प्रोटीन ८.६ आणि अल्ब्युमिन ४.० सापडलं. म्हणजे तेव्हाही ४.६. त्या कागदावर वरच्या कोपऱ्यात 'सर्व ठीक' असं लिहिलेलं आहे. ती वजाबाकी तेव्हा कुणी केली असती तर, हा विचार मी अजून पूर्ण सोडू शकलेले नाही.

मल्टिपल मायलोमाचं, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाचं, निदान व्हायला तिथून तीन आठवडे लागले. रक्तातली प्रोटीनं वेगळी करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस या चाचणीच्या आलेखावर उजवीकडे एक उंच, टोकदार सुळका आला. त्याला एम स्पाइक म्हणतात. मग प्रतिपिंडांच्या तीन प्रकारांचं वेगवेगळं मोजमाप झालं आणि तो कागद हातात आला, तेव्हा मी खरोखर गोंधळले. आयजीजी ५४००, म्हणजे असायला हवं त्याच्या तिप्पट-चौपट. आयजीए २८ आणि आयजीएम १७, दोन्ही तळाला गेलेले. मी डॉक्टरांना म्हटलं, "प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडीच ना? माझ्याकडे तर इतक्या आहेत. मग मला न्यूमोनिया दोनदा कसा झाला?"

त्यांनी उत्तर द्यायला घाई केली नाही. खुर्ची जवळ ओढून बसल्या. प्लाझ्मा पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या मुख्यतः अस्थिमज्जेत राहतात. निरोगी माणसात त्या नाना प्रकारच्या असतात आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या जंतूसाठी वेगळं प्रतिपिंड बनवतो. माझ्यात त्यातल्या एकाच पेशीचे वंशज बेसुमार वाढले होते आणि सगळे मिळून एकच प्रतिपिंड ओतत होते. मी मुलांच्या वह्या तपासण्यात आयुष्य घालवलं आहे, त्यामुळे माझ्या डोळ्यासमोर अशी वही आली जिच्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच वाक्य लिहिलंय. पानं भरलेली, पण धडा एकही नाही. त्या गर्दीत उरलेल्या चांगल्या प्लाझ्मा पेशींना मज्जेत जागाही मिळत नाही आणि जगायला लागणारे संदेशही मिळत नाहीत. याला इम्युनोपॅरेसिस म्हणतात. माझा न्यूमोनिया त्या २८ आणि १७ मध्ये होता, ५४०० मध्ये नव्हता.

स्वीडनमधल्या नऊ हजारांवर मायलोमा रुग्णांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या रुग्णांना जिवाणूंचा संसर्ग होण्याचा धोका इतरांच्या सातपट आणि विषाणूंचा दहापट आढळला, तोही निदानानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. डॉक्टरनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हाडं, किडनी, हिमोग्लोबिन, कॅल्शियम या चार गोष्टींबद्दल सगळे बोलतात. संरक्षणाबद्दल विचारावं लागतं.

मज्जेची तपासणी पार्श्वभागाच्या वरच्या हाडातून करतात. पोटावर झोपवलं. भूल दिल्यावर सुई आत जाताना दाब जाणवतो, दुखत नाही. दुखतं ते सिरिंज ओढताना. तीन-चार सेकंद पायापर्यंत काहीतरी आतून खेचल्यासारखं होतं आणि थांबतं. माझ्यासमोर आधी एक संमतिपत्र ठेवलं होतं: थोडी जास्त मज्जा आणि रक्ताची एक ट्यूब संशोधनासाठी देणार का? अभ्यास होता मायलोमा आणि त्याच्या आधीच्या अवस्थांमध्ये रोगप्रतिकारक पेशी कशा बदलतात, याचा. मी सही केली. त्या जास्तीच्या काही मिलिलिटरसाठी सिरिंज आणखी एकदा ओढावी लागली. सिस्टर माझा हात धरून होत्या. "झालं ताई, झालं, श्वास सोडा," एवढंच म्हणत होत्या.

आठवड्याने त्या प्रयोगशाळेतल्या संशोधक मुलीने मला माझ्याच पेशी दाखवल्या. मीच विनंती केली होती. फ्लो सायटोमेट्री हे नाव मी तोवर फक्त बिलावर वाचलं होतं. रक्तातल्या पेशींना चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडं चिकटवतात आणि एकेक पेशी लेझरच्या किरणासमोरून रांगेने जाऊ देतात. पेशीवर कुठल्या खुणा आहेत, ते तिच्यावरून परतलेल्या प्रकाशावरून कळतं. पडद्यावर प्रत्येक पेशी म्हणजे एक ठिपका. तिने सीडी-३ ही खूण असलेल्या ठिपक्यांभोवती कुंपण काढलं. या सगळ्या टी-पेशी, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. मग तेच ठिपके दुसऱ्या चौकटीत पसरले. एका बाजूला सीडी-४ म्हणजे मदतनीस, दुसऱ्या बाजूला सीडी-८ म्हणजे मारक, हजारो ठिपक्यांचे दोन ढग. ती म्हणाली, "निरोगी माणसाच्या रक्तात सहसा सीडी-४चा ढग मोठा असतो, सीडी-८च्या दीडपट-दुप्पट. तुमचा बघा." माझा सीडी-४चा ढग लहान होता. मायक्रोलिटरला ३९०, आणि सीडी-८ ५१०.

मग तिने आणखी एक चौकट उघडली. सीडी-८ पेशींपैकी कितींवर पीडी-१ नावाची खूण आहे, ते त्यात दिसत होतं. ही खूण पेशीच्या ब्रेकसारखी असते. रोज त्याच शत्रूशी गाठ पडत राहिली की टी-पेशी हळूहळू मारायचं सोडतात, वाढायचं सोडतात आणि अंगावर असे ब्रेक बाळगतात. शास्त्रीय भाषेतही त्याला थकवाच म्हणतात. मज्जेतल्या माझ्या सीडी-८ पेशींमध्ये असे ठिपके पुष्कळ होते. मी तिला विचारलं, "मग ब्रेक काढायचं औषध द्या ना." ती चटकन उत्तरली नाही. तसं करून पाहिलं होतं, तिने सांगितलं. दुसऱ्या काही कर्करोगांत ती औषधं चालली, म्हणून मायलोमात पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ विरोधी औषध नेहमीच्या औषधांबरोबर देऊन चाचण्या सुरू झाल्या. ज्यांना ते मिळालं त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्या चाचण्या थांबवल्या. थकलेली पेशी आणि ब्रेक लावलेली पेशी एकच नसते, हे मला तिथे कळलं. त्या चाचण्यांत सही करणारी माणसं माझ्यासारखीच होती. त्यांची आठवण मला बरेच दिवस येत राहिली.

त्या दिवशी परतल्यावर मी फाइलमध्ये एक कोरं पान लावलं. पहिल्या पानावर एम प्रोटीन (त्या सुळक्यातलं प्रतिपिंड), लाइट चेन (प्रतिपिंडाचे सुटे तुकडे), हिमोग्लोबिन, क्रिअ‍ॅटिनिन लिहिलेलं होतं. दुसऱ्या पानावर मी लिहिलं: आयजीए, आयजीएम, सीडी-४, सीडी-८, एनके, न्यूट्रोफिल. शेवटच्या दोन्हीही संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच. रोगाचं एक पान, राखणदारांचं एक.

तपासणीच्या रांगेत एक गृहस्थ नेहमी भेटत. त्यांना स्मोल्डरिंग मायलोमा होता, आतल्या आत धुमसणारा. एम प्रोटीन ३.१, मज्जेत प्लाझ्मा पेशी १८ टक्के, आणि बाकी काहीच नाही. हाडं शाबूत, किडनी उत्तम. त्यांना औषध नव्हतं, दर तीन महिन्यांनी फक्त बघायचं. त्याच्याही आधीची पायरी एमजीयूएस, तिथे एम प्रोटीन तीनच्या आत आणि मज्जेत दहा टक्क्यांहून कमी पेशी असतात. पन्नाशी ओलांडलेल्या शंभर जणांत साधारण तिघांना ती असते आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. वर्षाला शंभरात एकाचा पुढे मायलोमा होतो. स्मोल्डरिंगमध्ये पहिली पाच वर्षं हेच प्रमाण वर्षाला दहाच्या आसपास असतं. चार वर्षांपूर्वीच्या त्या ४.६ वर मी नेमकी कुठल्या पायरीवर होते, हे आता सांगता येणार नाही. पण मायलोमा जवळजवळ कधीच या पायऱ्या टाळून येत नाही.

एकदा मी त्यांना माझं दुसरं पान दाखवलं. ते शांतपणे वाचून म्हणाले, "म्हणजे माझ्याही पेशी आत्तापासून दमायला लागल्या असतील?" मी काही बोलले नाही. आत गेल्यावर त्यांनी तोच प्रश्न डॉक्टरना विचारला आणि बाहेर येऊन मला उत्तर सांगितलं. बदल लवकर सुरू होतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मज्जेतली एकेक पेशी वेगळी करून तिची जनुकं वाचली होती. एमजीयूएसच्या अवस्थेतच काही रुग्णांत एनके पेशींची संख्या वाढलेली दिसली, जणू शरीराने सावध होऊन कुमक पाठवली आहे. मात्र मोनोसाइट पेशी बिघडायला लागल्या होत्या आणि टी-पेशींना जागं करण्याऐवजी दाबत होत्या. रोग पुढे सरकला तशा स्मृती जपणाऱ्या मारक टी-पेशींचा एक गट कमी होत गेला. एमजीयूएस असलेल्यांना संसर्गाचा धोकाही दुप्पट असतो, हे स्वीडिश नोंदींवरून आधीच माहीत होतं. त्या गृहस्थांनी त्याच आठवड्यात फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेतली. तोवर त्यांना कुणी तसं सुचवलं नव्हतं. धुमसणाऱ्या अवस्थेतल्या माणसाला 'फक्त बघू या' म्हणून घरी पाठवताना लसींबद्दल दोन वाक्यं बोलायला काय हरकत आहे, असं मला मनापासून वाटतं.

माझे उपचार चार औषधांचे होते: बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डेक्सामेथासोन आणि डॅराट्युमुमॅब. प्रत्येकाने दुसऱ्या पानावर आपापली खूण सोडली. डेक्साच्या दिवशी झोप उडायची आणि दुसऱ्या सकाळी न्यूट्रोफिल फुगलेले, लिम्फोसाइट खाली गेलेले दिसायचे; ती खरी वाढ नसते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. लेनालिडोमाइड उलट दिशेने काम करतं. ते कर्करोगाच्या पेशींतली दोन प्रोटीनं नष्ट करतंच, शिवाय टी आणि एनके पेशींना चेतवतं. डॅराट्युमुमॅब सीडी-३८ या खुणेवर जाऊन बसतं. प्लाझ्मा पेशींवर ती खूण दाट असते, पण एनके पेशींवरही असते. पहिल्या काही डोसांतच माझ्या एनके जवळपास नाहीशा झाल्या. २१० वरून १२. मी घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, "अपेक्षित आहे. टी-पेशींना दाबून ठेवणाऱ्या काही पेशींवरही सीडी-३८ असतं, त्याही जातात. तुमच्या सीडी-८ बघा." सीडी-८ खरंच चढत होत्या.

याच औषधाने आणखी एक घोळ होता होता राहिला. तांबड्या पेशींवरही थोडं सीडी-३८ असतं. त्यामुळे हे औषध सुरू असताना रक्त द्यायची वेळ आली, तर रक्तपेढीच्या जुळवणीच्या चाचणीत सगळीच रक्तं न जुळणारी दिसतात. शेवटच्या डोसनंतरही हे सहा महिन्यांपर्यंत चालू शकतं. म्हणून औषध सुरू करण्याआधीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून ठेवायची असते. ती सिस्टरनी आठवणीने करून घेतली होती आणि मला पाकिटात ठेवायला एक कार्ड दिलं होतं. हिमोग्लोबिन ७.२ झालं, त्या रात्री ते कार्ड कामाला आलं.

आता नागिणीबद्दल. बोर्टेझोमिबबरोबर असायक्लोव्हिरची गोळी रोज घ्यायची असते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर दबा धरून असतो आणि त्याला तिथे डांबून ठेवतात त्या टी-पेशी. उपचारांच्या तिसऱ्या चक्रात ताप आला म्हणून मला दुसऱ्या एका रुग्णालयात पाच दिवस ठेवलं. सुट्टी देताना औषधांची नवी यादी लिहून दिली, तिच्यात ती गोळी नव्हती. कुणीतरी जुनी यादी उतरवताना एक ओळ गाळली. मीही विचारलं नाही, वाटलं आता गरज नसेल. अठराव्या दिवशी डाव्या बरगडीखाली कपडा लागला तरी आग व्हायला लागली. त्वचेवर काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठीच्या कण्यापासून पोटापर्यंत पट्टा उठला, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा, मधल्या रेषेवर येऊन बरोबर थांबलेला. मुलीने फोटो काढून डॉक्टरना पाठवला आणि पंधरा मिनिटांत आम्ही निघालो. औषध बहात्तर तासांच्या आत सुरू झालं तर उपयोग होतो, ते आम्हाला साधलं. तरी ती जागा पुढचे पाच महिने रात्री जागवत राहिली. तेव्हापासून घरी येताना मी नवी यादी आणि जुनी यादी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचते. ज्यांच्या घरी मायलोमाचा रुग्ण आहे, त्यांनी कृपा करून हे करा.

सहा महिन्यांनी एम प्रोटीन मोजता येईना इतकं खाली आलं. मग माझ्याच मूळपेशी काढून साठवल्या, दोन दिवसांत वजनाच्या किलोमागे बावन्न लाख. मेल्फलान हे तीव्र केमोथेरपीचं औषध दिलं, त्या वेळी तोंडात सतत बर्फाचे तुकडे धरून बसवलं, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध कमी पोहोचून तोंड कमी सोलतं. नंतर मूळपेशींच्या पिशव्या परत शरीरात गेल्या, हेच प्रत्यारोपण. त्यात पेशी गोठवताना वापरलेलं द्रव्य असतं, खोलीभर लसणासारखा वास दोन दिवस रेंगाळला. त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. न्यूट्रोफिलचा आकडा शून्य, शून्य, शून्य असा आला आणि अकराव्या दिवशी पाचशेच्या वर गेला.

सगळ्यांना वाटलं संपलं. मलाही. पण महिन्याने दुसरं पान भरलं, तेव्हा सीडी-४ १४० होत्या. एनके पहिल्या महिन्यातच परतल्या. सीडी-८ तीन महिन्यांत भरपूर झाल्या, पण त्यातल्या पुष्कळ जुन्यांच्याच प्रती होत्या. नव्या कोऱ्या सीडी-४ पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार व्हाव्या लागतात आणि सत्तावन्नाव्या वर्षी ती ग्रंथी बरीचशी आक्रसलेली असते. म्हणून वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. पहिल्या पानावर सगळं शून्य आणि निर्मळ, दुसऱ्या पानावर १४०. मी शाळेत जायचं आणखी सहा महिने लांबवलं. मुख्याध्यापिकांना कारण पटवायला मला हेच पान दाखवावं लागलं.

प्रत्यारोपणाने लहानपणीच्या लसींची स्मृतीही झिजते. घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, हिब, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी, सगळं पुन्हा. नागिणीची जी निर्जीव लस असते तीही घेतली, दोन डोस. लसीकरणाच्या खोलीत माझ्या मांडीशी एक सहा महिन्यांचं बाळ होतं, त्याच्या आणि माझ्या कार्डावर एकाच रांगेत खुणा होत होत्या. गोवराची लस मात्र जिवंत विषाणूची, ती दोन वर्षांच्या आत नाही आणि लेनालिडोमाइड चालू असेपर्यंत डॉक्टर विचार करूनच देतील.

टी-पेशींच्या आकड्यांकडे मी एवढं लक्ष का देते, याचं कारण एकदा डॉक्टरनीच सांगितलं. रोग परतला तर पुढच्या काही उपचारांत औषध म्हणजे माझ्या स्वतःच्याच टी-पेशी असतील. कार-टीमध्ये त्या काढून, मायलोमाच्या पेशीवरची बीसीएमए ही खूण ओळखायला शिकवून परत देतात. २०२१ आणि २०२२ मध्ये अशा दोन उपचारांना अमेरिकेत मान्यता मिळाली. टेक्लिस्टामॅबसारखी औषधं एका हाताने टी-पेशी धरतात आणि दुसऱ्या हाताने मायलोमाची पेशी. दोन्हीकडे राबायचं ते टी-पेशींनीच. त्या दमलेल्या असतील तर काम कमी होतं.

प्रत्यारोपणाला आता सोळा महिने झाले. आयजीएम सातव्या महिन्यात सावरलं, आयजीजी त्यानंतर. आयजीए सर्वांत मागे राहिलं होतं. २८ च्या पुढे कित्येक महिने हलत नव्हतं, मग ४१, मग ५५. परवाचा कागद मुलीने आधी उघडला. तिने पहिलं पान पाहिलंच नाही, थेट खाली बोट नेलं. "आई, आयजीए ७८. बाजूची चांदणी गेली बघ." सीडी-४ ४३०. मी पेन मागितलं आणि दोन्ही आकडे दुसऱ्या पानावर उतरवले.